डोळ्याचं सांगून घेतलेला दिव्याचा शेक

त्या वक्ताला कोन कोन होतं ते आदी सांगते. घरात मी अन् माजे मालक. माजी सासू. ती माज्या बापाची सख्खी बहीन, म्हून लग्नाआदी बी आत्या अन् लग्नानंतर बी आत्याच. थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हनायची. थोरला दीर बारमाही मेंढरामागं, घरी आला तर आला. अन् माजी एकुलती लेक, लग्नाची. परभनीच्या दवाखान्यात दोघी, एक डाक्टरीनबाई अन् एक दिव्यावर बसनारी, तिला समदे सिस्टर म्हनायचे. मागून पालमची इहीन आली. एवढीच मानसं. नाव कुनाचं घेत न्हाई. निम्मी आता न्हाईत.

मी दुसरीत होते तवा शाळेतून काडलं अन् बकऱ्यामागं लावलं. सही येती, वर काई येत न्हाई. मी सांगायले अन् नातसून लिहायली. तिला म्हनलं, नीट करू नको, मी बोलते तसंच लिव्ह.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून चालत जायच्या टप्प्यात. थोडी कोरडवाहू जमीन अन् बाकी बकऱ्या, मेंढरं. लेक चौदा-पंधराची होती तवा मला खाज सुरू झाली. खालच्या जागेला. पहिल्यांदा वाटलं घाम असंल. दिवसभर चालायचं, लुगडं घासतं, म्हून होत असंल. हळद लावली, खोबरेल लावलं, निंबाच्या पाल्याचं पानी घेतलं. त्यानं बरं वाटायचं अन् परत तेच. मंग कातडी पांढरी पडली. कांद्याला आतून पातळ पापुद्रा असतो, तसली. लघवीला बसलं की चिरायची. चिरली की मीठ टाकल्यावानी आग. मी कन्हत उठायची अन् बकऱ्यामागं जायची. बकरी काई थांबत न्हाई.

मालक जवळ आले की मी भिंतीकडं सरायची. मंग ते यायचेच बंद झाले. भांडन न्हाई झालं. आमचं भांडायचं घर न्हवतं. ते वसरीत निजायला लागले अन् मी आत, एवढंच.

आक्कानं मला धरलं. न्हानीत मी ओला फडका लावून उभी होते, लय येळ झाला तरी बाहीर येईना, म्हून ती आत आली.

"काय करायलीस गं?"

"काई न्हाई."

"काई न्हाई करायला एवढा येळ लागतो व्हय?"

मंग मी दाखवलं. तिनं वाकून बघितलं. संध्याकाळी तिनं आत्याला सांगितलं, अन् आत्यानं बसल्या जागी, न बघता, सांगून टाकलं की हे कोड हाय.

कोड म्हंजे पांढरे डाग. आमच्यात कोड म्हनलं की त्या घरात सोयरीक होत न्हाई. लोक म्हनत्यात लेकीत उतरतं, लेकीच्या लेकरात उतरतं. माज्या लेकीची सुपारी फुटली होती. पालमचं घर, चांगलं, दोन बैलाची शेती, पोरगा मानसात बसनारा. पुढच्या उन्हाळ्यात लगन धरायचं बोलनं झालं होतं. सुपारी फुटून मोडली तर पोरीला दुसरं घर भेटायचं अवघड, अन् कशामुळं मोडली हे कळलं तर भेटायचंच न्हाई. हे मला कुनी समजून सांगायची गरज न्हवती.

आत्या म्हनली, "झाकून ठेव. पोरगी नांदाया जाऊस्तर तोंडातून काडू नको."

"झाकलेलंच हाय की आत्या. उघडं कुटं हाय."

आक्का हसली. आत्या हसली न्हाई.

आक्का मला परभनीला घेऊन गेली. बाजार करून येतो म्हनलं घरी. सरकारी दवाखान्यात बायाच्या खोलीत डाक्टरीनबाई होती, वयानं माज्यापेक्षा ल्हान. तिनं पर्दा वडला, बत्ती लावून बघितलं, बराच येळ बघितलं. मी छताकडं बघत होते. छताला पाल होती.

"किती वर्सं अंगावर काढलं?" म्हनली.

"काडलं बाई."

"हे कोड नाही."

"मंग काय हाय?"

"कातडीचं दुखणं आहे. कातडी वाळते, पातळ होते, चिरते. तुझ्यापासून कुणाला लागणार नाही. पुरतं जाणार नाही, पण कमी करता येतं." तिनं एक इंग्रजी नाव बी सांगितलं. ते माज्या ध्यानात राहिलं न्हाई. मलम दिलं अन् म्हनली, आठवड्यातून दोनदा दिव्याचा शेक घ्यायला यायचं. मधी सोडायचं नाही. सोडलं तर परत उसळतं.

घरी येऊन आक्कानं आत्याला सांगितलं, डाक्टरीनबाई म्हनली कोड न्हाई.

आत्या म्हनली, "तिला काय हाय. तिला का सोयरीक करायची आमच्यासंगं? लोक पांढरं ऐकलं की कोडच म्हनत्यात."

ते बी खरंच होतं.

दिव्याची खोली दवाखान्याच्या पाठीमागं. हिरवा पर्दा, लोखंडी खाट, अन् एका काळ्या खांबावर वाकडी मान केलेला दिवा. सिस्टर आदी दिवा लावून ठेवायची, तो तापाया येळ घ्यायचा. निळा उजेड. खोलीत एक वास यायचा, जवळ वीज पडली की येतो तसला. अंगावर जाड चादर टाकायची, त्या चादरीला मधी भोक पाडलेलं, तेवढीच जागा उघडी. डोळ्याला काळा चष्मा, मागून रबरानं बांधलेला. मंग पाय दुमडून गुमान पडायचं.

पहिल्या दिवशी मी गुडघे जुळवूनच ठेवले.

सिस्टर म्हनली, "मावशी, दिव्याला वाट तरी द्या."

"शरम वाटायली बाई."

"दिवा बघत नाही, मी बघत नाही, तुमच्या डोळ्यावर चष्मा. मग उरलं कोण?"

मंग मी सोडले. ऊब यायची, चुलीची न्हाई, पौष महिन्यातल्या उन्हावानी. ती घड्याळाकडं बघून दिवा बाजूला सारायची. पहिल्यांदा लय थोडा येळ, मंग प्रत्येक खेपंला उलसा वाढवायची. जादा झाला तर भाजंल म्हनायची. कदी कदी लाईटच नसायची. तवा ती म्हनायची, येलदरीच्या धरनात पानी न्हाई म्हून वीज न्हाई, तुमच्या दिव्यासाठी का पीक वाळवायचं, जा घरी. मी परत यष्टी धरायची.

आठवड्यातून दोनदा परभनीला जायचं म्हंजे गावात कायतरी सांगावं लागनार. ते आक्काच्या डोस्क्यात आलं, त्या चष्म्यावरून. म्हनली, डोळ्याचं सांगू. डोळ्याला शेक देत्यात म्हनू. मोतीबिंदू काडल्यावर बाया काळा चष्मा घालत्यात ते लोकांनी बघितलेलं हाय. तिनं परभनीच्या बाजारातून एक काळा चष्मा बी आनला, गड्याचा, मोठा.

मालकाला बी आमी डोळ्याचंच सांगितलं. आत्या म्हनली, गडीमानूस हाय, पारावर बसतो, एकांदा शब्द निसटला तर पालमला जायला येळ न्हाई लागायचा.

मंग मी डोळ्याची रोगी झाले. काळा चष्मा घालून बकऱ्यामागं जायले तर पोरं मागं लागायची, नटी आली म्हनून. चष्म्यातून बकरी अन् झुडूप सारखंच दिसायचं. खरोखरच्या दोन-तीनदा ठेचा खाल्ल्या. गावात पक्कं झालं की हिचे डोळे गेले. बाया पानी भरताना मला बाजूला करायच्या, तू नको, आडात पडशीन. लेक माजी सुई ववून द्यायची. तिला बी खरं म्हाईत न्हवतं.

अन् मालक माजा हात धरायला लागले. आडाला जाताना, वढ्यातून जाताना, बाजारात. उजेडी, चार लोकांत. लग्नाला सतरा-अठरा वर्सं झाली होती, असं कदी धरलं न्हवतं. "हितं दगड हाय," म्हनायचे. "हितं उतार हाय." मला दगड बी दिसायचा अन् उतार बी. मी धरू दिला.

शेकानं फरक पडायला लागला. खाज निम्म्यावर आली. लघवीला बसताना मी कन्हायची बंद झाले, ते आक्कानंच मला सांगितलं, माज्या ध्यानात न्हवतं. झोप यायला लागली.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराची गडबड झाली. यष्ट्या बंद, रस्त्यात दगडं, टायर. एकदा आमची गाडी फाट्याच्या अलीकडं थांबली ती दुपारपोत्तर हलली न्हाई. लांब एका वस्तीवर धूर दिसायला होता. गाडीतल्या कुनी कुनाला इचारलं न्हाई कशाचा धूर. मी बी न्हाई. ड्रायव्हर खाली उतरून झाडाखाली बसला. मंग आमी चालत घरी आलो. त्या वक्ताला माज्या बऱ्याच खेपा हुकल्या अन् थोडं उसळलं. गाड्या सुरू झाल्या की मी परत जायला लागले, अन् परत कमी झालं.

दिवाळीनंतर पालमची इहीन आली. सांगून न्हाई आली. सकाळच्या गाडीनं उतरली अन् दारात उभी. संगं तिचा भाऊ होता, त्याला मालकानं बाहीर बसवलं. ती आत आली, पानी पिली, लेकीला जवळ बसवलं, तिच्या डोळ्यात बघितलं. बत्तीजवळ नेऊन बघितलं. तवाच मला कळलं.

कुनीतरी तिच्या कानावर घातलं होतं की पोरीची माय आंधळी व्हायलीय अन् ते रक्तात असतं.

ती मला म्हनली, "इहीनबाई, बसल्या बसल्या काम करू. तूर निवडायची असंल तर आना की."

आक्कानं सूप आनलं. तूर अन् तिच्यात बारीक काळे खडे, आमच्याकडच्या मातीचे, तुरीएवढेच. इहीनीनं सूप माज्या मांडीवर ठिवलं अन् स्वता रिकामी बसली. मी काळा चष्मा काडला अन् निवडायला लागले. हाताला तेवढं एक चांगलं येत होतं. एक खडा सोडला न्हाई. खडे एका बाजूला, किडकी तूर एका बाजूला. आक्का दारात उभी होती, आत्या माळ घेऊन बसल्यावानी खाली बघत होती. लेक चहा करायली होती.

इहीनीनं निवडलेल्या तुरीत हात फिरवला. मंग म्हनली, "डोळे तर माज्याहून चांगलेत."

"आता बरे झालेत," आक्का मधीच म्हनली. "शेकानं बरे झालेत."

"झाले ना बरे?"

"झाले."

"मंग आता परभनीला जायचं काम न्हाई." हे ती माज्याकडं बघून म्हनली. "लोक बोलत्यात हो. मला पन चार मानसात सून न्ह्यायची हाय. बरं झालेलं मानूस दवाखान्यात गेलं की लोक म्हनत्यात आत दुसरंच कायतरी असंल."

मी तिच्याकडं बघितलं. तिला काई म्हाईत असंल असं मला वाटत न्हाई. ती आपली पोराची माय होती, तिला जे इचारायचं ते तिनं इचारलं.

"न्हाई जायची," मी म्हनलं.

तिनं चहा घेतला. जाताना लेकीच्या कपाळाला कुकू लावलं अन् आक्काला म्हनली, चष्मा तेवढा पोरांना खेळाया द्या.

त्या दिवसापासून मी दिव्याला गेले न्हाई. मलम होतं तवर लावलं. मालकानं माजा हात धरायचं सोडलं, डोळे बरे झाले म्हनल्यावर कशाला धरतील. उन्हाळ्यात लगन झालं. चांगलं झालं. पोरगी नांदायला गेली तवर माजी खाज पहिल्यावानी झाली होती. अक्षता टाकताना मी उभी होते, पायाला पाय लावून, अन् माजं ध्यान भटजीकडं न्हवतंच.

लगन होऊन साल झालं, लेकीचं तिकडं बस्तान बसलं, तवा आक्का म्हनली, आता जा. मी गेले, एकली. डाक्टरीनबाईची बदली झाली होती. त्या खुर्चीवर गडी डाक्टर, पोरगेलासा. मागं लोकांची रांग, पर्दा उघडा.

"काय होतंय?"

मी तोंड उघडलं अन् माज्या तोंडातून निघालं, "डोळे."

त्यानं चिठ्ठी देऊन डोळ्याच्या खोलीत धाडलं. तिथं भिंतीवर अक्षरं होती. मला वाचता येत न्हाई म्हनल्यावर त्यानं बोटं दाखवली. मी समदी बरोबर सांगितली. तो म्हनला, डोळे झकास आहेत आजी, तरी हे टाका. बारकी बाटली दिली. मी तवा आजी बी झाले न्हवते. बाटली घेऊन घरी आले. दिव्याच्या खोलीवरून आले, दाराला कुलूप होतं, का ते कुनाला इचारलं न्हाई.

आक्काला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली, मंग चुलीकडं तोंड करून बसली.

त्याच्यावर लय वर्सं गेली. कसं काडलं ते काई सांगन्यासारखं न्हाई. रोज सारखंच होतं. हळूहळू जागा आकसत गेली. मालक वारले, तापानं. त्यांना खरं कदी कळलं का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. त्यांनी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, ते बी ठाऊक न्हाई. आक्का दिरासंगं मेंढराकडं राहायला गेली. घरात मी अन् आत्या.

मंग आत्याला लकवा मारला, डावी कड गेली. जित्या मानसाला न्हाऊ घालायचं, धुवायचं, ते माज्याकडं आलं. पहिल्या दिवशी मी तिचं लुगडं सोडलं अन् बघितलं तर समदं पांढरं. माज्याहून जादा. जुनं, चिकटून गेलेलं, जागा वळखू येईना असं.

मी हातातला तांब्या खाली ठिवला.

"आत्या, हे कदीपासून?"

तोंड वाकडं झालं होतं, बोलनं सावकाश यायचं. "तुजा नवरा पोटात होता तवापासून."

"कुनाला सांगितलं?"

"कुनाला सांगू? तुज्या बापाला?"

"मंग मला कोड कामून म्हनल्या?"

"मला दुसरं नाव ठाऊक न्हवतं."

मी कोमट पान्यानं धुतलं, चोळलं न्हाई, टिपून घेतलं, खोबरेल लावलं. ती कन्हली न्हाई. तिला त्याची सवय माज्याहून जुनी होती. लुगडं नेसवून झालं तवा ती म्हनली, "त्या दिव्यानं बरं वाटतं का गं?"

"वाटतं."

"गरम असतो का?"

"कोमट. पौषातल्या उन्हावानी."

"हां," म्हनली अन् डोळे मिटले.

यष्टीत बसवून न्ह्यायची अवस्था न्हवती तिची. मी एवढं बी न्हाई इचारलं की बैलगाडीत जमंल का. ती दोन-अडीच महिन्यांनी गेली. त्या थंडीत नामांतर झालं, रेडिओवर सांगितलं, फाट्यावर पोलीस उभे होते. आमच्या घरी दहाव्याची तयारी चालली होती.

तेरावं झालं अन् मी परभनीला गेले. खुर्चीवर परत गडीच डाक्टर, तिसराच कुनीतरी. काय होतंय म्हनला. मी म्हनलं, "खालचं." आवाज निघाला न्हाई. तो म्हनला, "काय?" मंग मी मोठ्यानं म्हनलं. रांगेतल्या लोकांनी ऐकलं असंल. मी मागं वळून बघितलं न्हाई. त्यानं मान हलवली अन् आतल्या बाईला हाक मारली.

आतल्या डाक्टरीनबाईनं बघितलं. म्हनली, उशीर झाला आहे, आकसलेलं परत मोकळं होणार नाही, पण आग कमी होईल. मलम दिलं, पहिल्याहून जहाल, अन् दिव्याला बसवलं. दिवा नवा होता, खोली दुसरी, सिस्टर बी दुसरी. त्या जुन्या सिस्टरला मी इचारलं, ती निवृत्त झाली म्हनले. ह्या येळंला गावात मी डोळ्याचं सांगितलं न्हाई. इचारलं तर दवाखान्यात जायले म्हनायची. कशाचं म्हनलं तर बाईच्या जागेचं म्हनायची. बाया घागर उचलून निघायच्या. एकीनं दुसऱ्या दिवशी येऊन हळूच इचारलं, मंग तिला बी नेलं. कोड म्हनून कुनी तोंडावर म्हनलं न्हाई. मागून म्हनलं असंल.

आग कमी झाली. पुरती गेली न्हाई. वर्साला एकदा दाखवून येते, गाठ-जखम झाली का ते बघत्यात.

लेक माहेरी आली तवा तिला बसवून समदं सांगितलं. सुपारीचं, सुपाचं, डोळ्याचं. ती म्हनली, "मी तुला सुई ववून देत होते की गं." मी म्हनलं, देत होतीस. तिला अजून काई न्हाई. आरसा घेऊन अदूनमदून बघत जा म्हनलं. ती पहिल्यांदा लाजली, मंग हो म्हनली.

जे कुनी हे वाचंल त्यांना माजं एक मागनं हाय. घरात म्हातारी बाई असंल, सासू, माय, आत्या, कुनी बी, तिला एकलीला बसवून बाईमानसानं इचारा, खाली खाज हाय का, आग हाय का, कातडी पांढरी पडली का. हाय म्हनली तर तिच्यासंगं दवाखान्यात जावा. तिथं ती गप बसली तर तिच्या वतीनं तुमी सांगा.